दारू सोडताना क्रम चुकू देऊ नका: पहिल्या फोनपासून वर्षभराच्या फॉलोअपपर्यंत

दारू सोडण्याचा प्रयत्न फसला की घरातले म्हणतात, "त्याच्या मनातच नाही." बहुतेक वेळा मनात असतं, क्रम चुकलेला असतो. आधी देवापुढे शपथ, मग घरातच एकदम बंद, तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले की पुन्हा नाइन्टी, मग वैतागून एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवणं, आणि घरी आल्यावर "आता सुटली" म्हणून गोळ्या बंद. यातलं प्रत्येक पाऊल चांगल्या हेतूनेच उचललेलं असतं, पण नको त्या वेळी. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या.

लेखात "तो" लिहिलं आहे, कारण मदत मागायला येणाऱ्यांत पुरुष जास्त दिसतात. बाई पीत असेल तर टप्पे तेच. ती लाजेपोटी जास्त काळ लपवते, त्यामुळे पहिली तपासणी लवकर करा. गरोदरपणाची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

थांबा, आधी हे तपासा. झटका (फिट) आला, नसलेली माणसं किंवा किडे दिसू लागले, दिवस-वेळ-जागा कळेनाशी झाली, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, डोळे पिवळे दिसतात, चालताना तोल जातो, किंवा तो जीव देण्याची भाषा बोलतोय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. हे उद्यावर टाकू नका.

## टप्पा १: डॉक्टरकडे जाण्याआधीची तयारी

बोलण्याची वेळ निवडा. रात्री तो पिऊन आल्यावर झालेलं बोलणं सकाळी कुणाच्याच उपयोगाचं नसतं. सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर, एकाच माणसाने बोलावं. पाच-सहा नातेवाईक गोल करून बसले की तो आरोपी होतो आणि भांडण सुरू होतं. विनंतीही छोटीच करा. "आयुष्यभर सोड" म्हणू नका. "गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल, एवढंच" म्हणा.

मग एक कागद घ्या आणि त्याच्याबरोबर बसून लिहून काढा:

- रोज किती आणि काय. "थोडी घेतो" डॉक्टरांच्या कामाचं नाही. देशी की विदेशी, किती क्वार्टर. भारतात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट धरतात, साधारण ३० मिली व्हिस्की किंवा रम. त्या हिशोबाने एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीमध्ये, सहा युनिट होतात. हातभट्टी असेल तर ते वेगळं सांगा, तिच्यात किती अल्कोहोल आहे याचा भरवसा नसतो.
- सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? न घेतल्यास हात थरथरतात का?
- आधी कधी बंद केली होती तेव्हा काय झालं? झटका, भास, दवाखाना?
- शेवटचं कधी घेतलं, तारीख आणि वेळ.
- झोपेच्या गोळ्या, गांजा, तंबाखू, इतर काही.
- मधुमेह, रक्तदाब, कावीळ, फिट्स, डोक्याला मार, आणि चालू असलेली सगळी औषधं. शक्यतो पाकिटंच पिशवीत घाला.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सांगायचा राहतो. मागच्या वेळी झटका आला असेल तर पुढच्या वेळी येण्याचा धोका जास्त असतो, आणि पुढचा सगळा उपचार घरी करायचा की भरती करून, हे त्यावर ठरतं.

कुणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञाकडे. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे कमी खर्चात काम होतं. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची मनोरुग्णालयं आहेत. कुठे जावं हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ किंवा मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ ला फोन करा. दोन्ही मोफत आहेत. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. घरच्यांनी एकट्याने सल्ला घ्यायला कुठलीच अडचण नसते, आणि बऱ्याचदा सुरुवात तशीच होते.

इथे होणारी चूक: चहातून गुपचूप औषध. "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीभिंतीवर असतात. त्या पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. काही घरांत डायसल्फिरामची गोळीच दुकानातून आणून भाजीत मिसळतात. हे जिवावर बेतू शकतं. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. आणि काय होतंय हे त्याला माहीतच नसल्याने तो डॉक्टरांनाही सांगू शकत नाही. कळलं की घरावरचा त्याचा विश्वास जातो, मग खरी गोळी द्यायची वेळ येते तेव्हा तो हातात धरत नाही.

## टप्पा २: शरीरातून दारू सुरक्षितपणे उतरवणं

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतलेला असतो. ती अचानक काढली की मेंदू अति उत्तेजित होतो, त्यालाच विथड्रॉवल म्हणतात. साधारण वेळापत्रक असं असतं: शेवटच्या पेल्यानंतर सहा तासांपासून थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं. ६ ते ४८ तासांत झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, अंगात आल्यासारखी धावपळ सुरू होते. ही शेवटची अवस्था, डिलिरियम, जीवघेणी असते. बहुतेकांची शारीरिक लक्षणं आठवड्याभरात उतरतात.

हे वेळापत्रक लक्षात ठेवा, कारण घरचे नेमके दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निर्धास्त होतात. "दीड दिवस झाला, काही नाही झालं" म्हणून सोबतीला राहिलेला भाऊ गावी परत जातो, आणि खरा धोक्याचा काळ तेव्हाच सुरू असतो.

आता श्रावण आणि माळ यांबद्दल. गटारीला शेवटची पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. महिन्यातून दोनदा घेणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण ज्याला सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, त्याने श्रावणाच्या निमित्ताने किंवा तुळशीची माळ घालून एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे. श्रद्धेला माझा अजिबात विरोध नाही, माळेने वर्षानुवर्षं टिकलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त क्रम बदला: आधी डॉक्टर, गोळ्यांच्या आधाराने आठवडाभर उतरवणं, मग माळ.

घरी की भरती? हे डॉक्टर ठरवतील, पण अंदाज असावा. पूर्वी झटका किंवा डिलिरियम, फार जास्त मात्रा, यकृत-हृदयाचा आजार, सोबत झोपेच्या गोळ्यांची सवय, जीव देण्याचे विचार, किंवा घरी चोवीस तास सोबतीला कुणी नाही, यातलं एकही असेल तर भरती करा. बाकीच्यांचं काम रोजच्या तपासणीवर घरी होऊ शकतं.

भरती असो वा घर, डॉक्टर साधारण दोन गोष्टी देतात. एक, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपॅमसारखी गोळी, जी सुरुवातीला जास्त आणि रोज थोडी कमी करत बंद केली जाते. दोन, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दारू पिणाऱ्यांत ते फार कमी झालेलं असतं. ते भरून न काढता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेत असाल, तर हा रोज दारू पिणारा आहे हे आधी सांगा. लाजेखातर गप्प बसू नका.

काय करू नका:

- शेजाऱ्याच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.
- गोळ्या चालू असताना वर दारू घेऊ देऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.
- गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाती देऊ नका. एकाने डोस द्यावा आणि वहीत वेळ लिहावी.
- तब्येत बरी वाटते म्हणून गोळी मध्येच बंद करू नका, आणि झोप येते म्हणून पुढे चालूही ठेवू नका. या गोळ्यांची स्वतःचीच सवय लागते.

पुढे जाण्याआधी तपासा: थरथर थांबली का? चार घास जेवतो का? आज वार कोणता, कुठे आहोत, हे नीट सांगतो का? यकृत, साखर आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या का? चारही उत्तरं "हो" असतील तरच टप्पा ३.

## टप्पा ३: केंद्र हवं का, आणि कुठलं

प्रत्येकाला केंद्रात राहायची गरज नसते. नोकरी टिकून आहे, घर पाठीशी आहे, आधी फारसे प्रयत्न झालेले नाहीत, अशा माणसाचं ओपीडी, समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंग यांवर भागू शकतं. वारंवार घसरण झाली असेल किंवा घरातच पिणारे असतील तर काही आठवडे बाहेर राहणं उपयोगी पडतं.

केंद्र बघायला स्वतः जा, फोनवर ठरवू नका. हे विचारा: नोंदणी कुठली आहे, कागद दाखवा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री झटका आला तर कुठे नेता? घरच्यांना कधी भेटता-बोलता येतं? पैशांची पावती मिळते का? आणि शेवटचा प्रश्न, ज्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन: डिस्चार्जनंतर काय? "इथून गेला की ठणठणीत" असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र बघा.

सावधान. रात्री गाडी आणून चार माणसांनी उचलून नेण्याची "सेवा" देणाऱ्यांपासून लांब राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. साखळीने बांधणं या कायद्याने सक्त मना आहे. स्वतःहून भरती झालेल्या माणसाला डिस्चार्ज मागण्याचा हक्क आहे. तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल तर त्यासाठी वेगळी तरतूद आहे: त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करण्यासाठी नेमलेल्या माणसाने, अर्ज करायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा पात्र व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासायचं, आणि अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची. मारहाण करून दारू सुटत नाही. मार खाऊन आलेला माणूस पुढच्या वेळी मदत मागायलाच येत नाही.

## टप्पा ४: एका पानाची लेखी योजना

हा टप्पा बहुतेक घरं गाळतात, आणि माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांतल्या घसरणीचं मोठं कारण हेच. डिस्चार्जच्या आधी, समुपदेशकासमोर बसून, त्याने स्वतःच्या हाताने एक पान लिहायचं. घरच्यांनी लिहिलेली योजना ही घरच्यांची असते. पानावर काय हवं:

१. तारखा. पुढच्या तीन फॉलोअपच्या तारखा. "बघू, जाऊ" चालणार नाही. त्या दिवशी सोबत कोण येणार, त्याचं नाव लिहा.

२. मीटिंग. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंग जवळपास कुठे, कोणत्या वारी, किती वाजता. फी नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. पहिल्या मीटिंगला काही बोलावं लागत नाही, नुसतं बसून ऐकलं तरी चालतं. एक गट जुळला नाही तर दुसरा बघा. एकाच मीटिंगवरून "हे आपल्यासाठी नाही" असं ठरवू नका. पुढे गटातला एखादा जुना सदस्य स्पॉन्सर म्हणून मागून घ्या, त्याला केव्हाही फोन करता आला पाहिजे.

३. तीन फोन नंबर. तलफ आली की कुणाला फोन करायचा? त्यातला निदान एक घराबाहेरचा हवा. बायकोला सांगायची लाज वाटेल असे क्षण येतात.

४. धोक्याचे दिवस. पगाराचा दिवस, शनिवारची संध्याकाळ, गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर, भावकीतलं लग्न आणि वरात, गावची जत्रा, निवडणुकीचा प्रचार. पुढच्या सहा महिन्यांतले असे दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि प्रत्येकापुढे काय करणार ते लिहा. "लग्नाला अक्षतांना जायचं, जेवून तीन वाजता निघायचं, वरातीला थांबायचं नाही, सोबत मेहुणा" इतकं ठोस. "काळजी घेईन" ही योजना झाली नाही.

५. रस्ता. कामावरून येताना वाटेत परमिट रूम किंवा देशी दारूचं दुकान लागतं का? मग पहिले तीन महिने दुसरी वाट, वेळ जास्त लागली तरी.

६. पैसे. किती रोख जवळ ठेवायची हे त्याच्या संमतीने ठरवा. मोबाइलवरून पैसे देता येतात हे विसरू नका, खिसा रिकामा ठेवून उपयोग नाही. ही व्यवस्था कधीपर्यंत, तेही लिहा. मुदत नसली की त्याला ती शिक्षा वाटते.

७. संध्याकाळ. सहा ते नऊ. हे तीन तास आधी दारूचे होते. तिथे काय येणार? चालणं, पोरांचा अभ्यास, भजन, व्यायामशाळा, मीटिंग. काहीही चालेल, पण वार आणि वेळ लावून.

पानाच्या तीन प्रती: एक त्याच्याकडे, एक घरी, एक समुपदेशकाकडे.

तपासा: पान वाचून अनोळखी माणसाला "येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता हा कुठे असेल?" याचं उत्तर देता येतं का? येत नसेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ५: पुढची औषधं

विथड्रॉवलच्या गोळ्या संपल्यावर डॉक्टर दारूपासून लांब ठेवणारं औषध सुचवू शकतात. नाल्ट्रेक्झोन तलफ आणि पिण्यातली मजा कमी करतं. अफूवर्गीय वेदनाशामक चालू असतील तर ते घेता येत नाही. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीन वेळा घ्यावं लागतं आणि आधी मूत्रपिंडाची तपासणी लागते.

डायसल्फिराम कसं काम करतं ते वर सांगितलं. ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तास उलटल्यावरच सुरू करतात. गोळी बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो, म्हणून "काल घेतली नाही, आज प्यायला हरकत नाही" हा हिशोब घातक आहे. खोकल्याची काही औषधं, माउथवॉश, होमिओपॅथीचे अर्क, आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं यांतही अल्कोहोल असतं. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट घरात सहज दिलं जातं, ते या काळात नको.

गोळी रोज एकाच वेळी, घरच्या एकासमोर. बंद करायची असेल तर डॉक्टरांशी बोलून.

## टप्पा ६: पहिले ९० दिवस

तलफ कायम टिकत नाही. साधारण अर्ध्या तासात तिचा जोर ओसरतो, न पिता बसलं तरी. तेवढा वेळ काढायचा क्रम ठरवून ठेवा: जागा सोडा, पाणी प्या, काहीतरी खा, यादीतला पहिला फोन लावा. नाही उचलला तर दुसरा. आधी स्वतःला चार प्रश्न विचारा: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकलोय का? बऱ्याच तलफा इथेच सापडतात. उपाशीपोटी संध्याकाळी सहाला बाजारात उभं राहणं टाळा.

झोप अनेक आठवडे बिघडलेली राहते, चिडचिड होते, मन उदास राहतं. ते हळूहळू सावरतं. उदासी दोन-तीन आठवडे सतत राहिली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, तिच्यावर वेगळे उपचार आहेत.

घरच्यांसाठी. त्याचे खिसे आणि तोंडाचा वास तपासत बसू नका. तपासायचं असेल तर योजनेचं पान तपासा: मीटिंगला गेला का, गोळी घेतली का. त्याची उधारी फेडू नका, साहेबांना "ताप आलाय" असा खोटा फोन करू नका. जुनी भांडणं पहिल्या तीन महिन्यांत उकरू नका, त्यासाठी समुपदेशकाकडे वेगळी वेळ घ्या. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट आहेत, तो पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता. घरात मारहाण होत असेल तर त्याच्या उपचाराची वाट पाहू नका. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा.

## टप्पा ७: घसरण झाली तर

होऊ शकते. तिची तयारी चौथ्या टप्प्यातच करायची असते, त्याच पानाच्या मागे:

१. जिथे पीत होता तिथून बाहेर पडायचं. "आता घेतलीच आहे तर आजची रात्र" हा विचार एका पेल्याचे दहा दिवस करतो.
२. त्याच दिवशी एका माणसाला खरं सांगायचं. घरच्यांनी त्या रात्री ऐकून घ्यायचं, प्रश्न सकाळी.
३. डायसल्फिराम चालू असेल तर त्रास जाणवो वा न जाणवो, लगेच डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, चक्कर, धाप असेल तर थेट रुग्णालय. पुढची गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही.
४. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर घरी एकदम बंद करू नका. पुन्हा टप्पा २ पासून.
५. दोन-तीन दिवसांत समुपदेशकाकडे. काय झालं हे तासातासाने मागे जात लिहायचं: कुठे होतो, कोण होतं, काय खाल्लं होतं, कोणती मीटिंग चुकली होती. घसरणीची सुरुवात सहसा पेल्याच्या कितीतरी आधी, चुकलेल्या मीटिंगमध्ये किंवा बंद केलेल्या गोळीत सापडते. पानात तेवढीच ओळ बदला, सगळी योजना फाडू नका.

## वर्षभराचा फॉलोअप

पहिले तीन महिने डॉक्टर सांगतील तसं, साधारण दर एक-दोन आठवड्यांनी. मग महिन्याने. फॉलोअप सर्वाधिक सुटतो तो सहाव्या महिन्याच्या आसपास, सगळं सुरळीत वाटू लागल्यावर. ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका. प्रत्येक वेळी जाताना चार गोष्टी न्या: गोळ्यांची वही, योजनेचं पान, गेल्या महिन्यातल्या तलफांची नोंद, आणि पुढच्या महिन्यातले लाल दिवस. वर्षाच्या शेवटी यकृताची तपासणी पुन्हा करून घ्या, औषध कमी करायचं का हे त्याच भेटीत विचारा, आणि नव्या वर्षाचं पान त्याच्याच हाताने लिहून घ्या.